क्रॅक गेम सोडून ओरिजिनल गेम कसे घ्यायचे? मोबाइल आणि पीसीसाठी संपूर्ण माहिती



मागच्या दिवाळीत मी गावी, वरवट बकालला गेलो होतो. अकरावीतला मामेभाऊ मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "दादा, मोबाइल लय हँग होते. तू इंजिनिअर हायेस न, पाय बरं जरा." मोबाइल हातात घेतला तर त्यात चार मॉड गेम होते. त्यातल्या एका रेसिंग गेमला एसएमएस वाचायची परवानगी दिलेली होती आणि ॲक्सेसिबिलिटीही चालू होती. गाडी पळवायच्या गेमला एसएमएस कशाला वाचायचे असतात?

आणि तो मोबाइल कोणाचा? मामांचा. त्यातलं सिमकार्ड बँकेला जोडलेलं. कापूस विकल्याचे पैसे त्याच खात्यात येतात, पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता तिथेच येतो, यूपीआय त्याच मोबाइलवर आणि ओटीपीही त्याच नंबरवर. सुदैवाने पैसे गेले नव्हते. पण मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. भाऊ मात्र म्हणाला, "पण दादा, ओरिजिनल घ्याले पैसे कुठून आणू?"

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. हा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. क्रॅक गेममध्ये नक्की काय होतं, कायदा काय म्हणतो आणि कमी पैशात किंवा एकही रुपया न देता ओरिजिनल गेम कसे खेळायचे, हे सगळं आज सविस्तर पाहू.

एक कबुली आधीच देतो. मीही यातूनच आलोय. शाळेत असताना मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देऊन गाणी आणि गेम भरून आणायचो. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये पेन ड्राइव्ह रूमा-रूमांतून फिरायचा. माझ्या लॅपटॉपवर तेव्हा विकत घेतलेला एकही गेम नव्हता. त्यामुळे इथे मी कोणाला नावं ठेवायला बसलेलो नाही.

## पायरेटेड, क्रॅक आणि मॉड गेम म्हणजे काय?

हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यात थोडा फरक आहे.

- पायरेटेड गेम: बनवणाऱ्याच्या परवानगीशिवाय कॉपी करून वाटलेला गेम. टोरेंट, टेलिग्राम चॅनल, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, सगळं यात आलं.
- क्रॅक: गेम विकत घेतलाय की नाही हे तपासणारा भाग काढून टाकलेली फाइल. हा प्रकार पीसी गेममध्ये जास्त दिसतो.
- मॉड एपीके: मोबाइल गेमच्या आतला कोड बदलून "अनलिमिटेड कॉइन" किंवा "सगळं अनलॉक" केलेली फाइल.

लक्षात ठेवा, सगळे मॉड वाईट नसतात. काही पीसी गेमच्या कंपन्या खेळाडूंना स्वतःहून मॉड बनवायची सोय देतात. विकत घेतलेल्या गेममध्ये असा मॉड टाकणं वेगळं आणि कोणीतरी फोडलेली पूर्ण फाइल डाउनलोड करणं वेगळं.

## मॉड एपीके बनते कशी? आधी हे समजून घ्या

एपीके ही खरं तर एक झिप फाइल असते. तिच्यात गेमचा कोड, चित्रं, आवाज आणि तो गेम कोणत्या परवानग्या मागणार त्याची यादी असते. गेम बनवणारा शेवटी त्यावर स्वतःची डिजिटल सही करतो. अँड्रॉइड इन्स्टॉल करताना ही सही तपासतं. आतली एखादी छोटी गोष्ट जरी बदलली, तरी मूळ सही लागू पडत नाही.

मग मॉड बनवणारा काय करतो? फाइल उघडतो, कोड बदलतो आणि पुन्हा बंद करून त्यावर स्वतःची सही ठोकतो. म्हणजे तुमच्या मोबाइलवर आलेल्या गेमची जबाबदारी आता मूळ कंपनीकडे राहिली नाही, एका अनोळखी माणसाकडे गेली. त्याने फक्त कॉइन वाढवले की सोबत अजून काही टाकलं, हे गेम खेळून कळत नाही. परवानग्यांच्या यादीत "एसएमएस वाचा" ही एक ओळ वाढवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

यावरून दोन नेहमीच्या अडचणींचं कारणही कळतं. ओरिजिनल गेमवर मॉड टाकायला गेलं की इन्स्टॉल होत नाही, कारण सही जुळत नाही. मग आपण ओरिजिनल गेम काढून टाकतो आणि फोनमध्ये सेव्ह असलेली सगळी प्रगती जाते. पुढे मॉडला प्ले स्टोअरवरून अपडेटही मिळत नाही. त्यामुळे सुरक्षेची दुरुस्ती आली तरी तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

## खरंच व्हायरस असतो का? दोन खरी उदाहरणं

पोकेमॉन गो, २०१६: जुलै २०१६ मध्ये हा गेम आधी मोजक्याच देशांत आला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरमध्ये आला. मधल्या काळात जगभरात लोक बाहेरून एपीके शोधत होते. प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीला त्याच दिवसांत या गेमची एक बिघडवलेली एपीके सापडली. तिच्यात ड्रॉइडजॅक नावाचं सॉफ्टवेअर लपवलेलं होतं. ते मोबाइलचा ताबा दुसऱ्याच्या हातात देऊ शकत होतं. गेम सुरू झाल्यावर पडदा अगदी ओरिजिनलसारखाच दिसायचा. फरक कळायचा तो फक्त परवानग्यांच्या यादीत.

क्रॅकोनॉश, २०२१: ही पीसीची गोष्ट. अवास्ट कंपनीने जून २०२१ मध्ये याची माहिती जाहीर केली. जीटीए ५, एनबीए २के१९, फार क्राय ५, द सिम्स ४ अशा गेमच्या क्रॅक कॉपींमध्ये हा मालवेअर होता. तो विंडोजचं अपडेट आणि अँटीव्हायरस बंद करायचा आणि मागच्या मागे तुमच्या पीसीवर मोनेरो ही क्रिप्टोकरन्सी तयार करायचा. जगभरात २ लाख २२ हजारांहून जास्त पीसीत तो शिरला होता. त्यातून बनवणाऱ्यांनी सुमारे २० लाख डॉलर कमावले. बाधित देशांच्या यादीत भारतही वरच्या क्रमांकांवर होता.

म्हणजे "फुकट" गेमची किंमत कोणीतरी मोजतच होतं. लाइटबिल तुमचं, पीसी तुमचा आणि कमाई त्यांची.

## आपल्या घरी हा धोका जास्त का?

शहरातल्या एखाद्या मुलाकडे गेमसाठी वेगळा पीसी असतो, बाबांचा मोबाइल वेगळा असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच चांगला स्मार्टफोन असतो. त्यावरच बँक, त्यावरच गॅसचं बुकिंग, त्यावरच कॉलेजचा फॉर्म आणि त्यावरच गेम. त्यामुळे गेममधून आत आलेल्या चोराला घराची सगळी दारं उघडी सापडतात. एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी दिसतो. ॲक्सेसिबिलिटी मिळाली की स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

गुगलनेही हे ओळखलंय. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळत नाही, "रिस्ट्रिक्टेड सेटिंग" असा संदेश येतो. एखाद्या यूट्यूब व्हिडिओत "आधी हे रिस्ट्रिक्शन काढा, मग गेम चालेल" असं सांगितलं, तर तिथेच थांबा. गेम चालायला त्याची गरज नसते.

## कायदा काय म्हणतो?

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ लागू आहे. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. गेम हाही प्रोग्रामच. "कॉम्प्युटर" या शब्दाची व्याख्या इतकी मोठी आहे की त्यात स्मार्टफोनही येतो.

- कलम ६३: जाणूनबुजून कॉपीराइट मोडणं किंवा त्याला मदत करणं. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पैसे घेऊन गेम भरून देणारा दुकानदार यात येऊ शकतो.
- कलम ६३ब: प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असूनही वापरणं. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं.
- कलम ६५अ: २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. कॉपीराइट मोडण्यासाठी कॉपी-संरक्षण फोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

खरं सांगायचं तर मॉड गेम खेळला म्हणून गावात पोलीस आले, असं मी कधी ऐकलेलं नाही. मामांना मी कायद्याची भीती दाखवलीही नाही. बँकेचं खातं जास्त जवळचं होतं. पण पुढे तुम्ही फोटो स्टुडिओ, कॉम्प्युटर क्लास किंवा छोटी कंपनी काढली, तर तिथे क्रॅक वापरायची ही सवय महागात पडू शकते.

## गेम बनवणाऱ्याचं काय होतं?

मी स्वतः कोड लिहायला लागल्यावर या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

एप्रिल २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या स्टुडिओने गेम डेव्ह टायकून काढला. यात आपण स्वतःच गेम बनवणारी कंपनी चालवायची असते. स्टुडिओने एक गंमत केली. क्रॅक कॉपी त्यांनीच टोरेंटवर टाकली, पण तिच्यात एक बदल करून. काही तास खेळल्यावर तुमची गेममधली कंपनी पायरसीमुळे बुडायची! पहिल्या दिवसाचा हिशोब त्यांनी जाहीर केला: विकत घेऊन खेळणारे २१४ आणि क्रॅक खेळणारे ३,१०४. काही क्रॅकवाले तर फोरमवर विचारत होते की पायरसी थांबवायची कशी.

मोबाइलवर याचा परिणाम वेगळाच झाला. २०१२ मध्ये डेड ट्रिगर हा गेम अँड्रॉइडवर ०.९९ डॉलरला होता. पायरसी इतकी जास्त झाली की कंपनीने तो फुकट केला आणि कमाई गेमच्या आतल्या खरेदीवर ठेवली. आज आपण जाहिराती, लूट बॉक्स आणि "२४ तास थांबा नाहीतर पैसे भरा" यांना शिव्या देतो. एकदाच पैसे घेऊन विकायचे गेम मोबाइलवर का कमी झाले, याचं एक कारण इथे आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी: ॲन एन्शंट एपिक हा गेम बनवला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधणारी राजी, दुर्गेचा आशीर्वाद आणि राजस्थानी वाडे, अशी त्याची दुनिया आहे. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही टीम थांबली नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. मित्रांनो, मराठी मुलांना गेम बनवून पोट भरता यावं असं वाटत असेल, तर असे गेम कोणीतरी विकत घ्यायला हवेत ना?

## मग पैसे कुठून आणायचे? सहा मार्ग

१. ओपन सोर्स गेम. हे पूर्ण फुकट आणि पूर्ण कायदेशीर असतात. सुपरटक्सकार्ट (रेसिंग), अनसिव्ह (राज्य उभारणी), मिंडस्ट्री (कारखाने आणि बचाव), शॅटर्ड पिक्सेल डंजन आणि माइनक्राफ्टसारखा लुआंटी. हे सगळे प्ले स्टोअरवर आहेत आणि साध्या मोबाइलवरही चालतात. सुरुवात इथूनच करा.

२. गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स. हे गुगलचंच ॲप आहे. छोट्या सर्व्हेंची उत्तरं दिली की प्ले स्टोअरवर वापरायला क्रेडिट जमा होतं. सर्व्हे रोज येत नाहीत, त्यामुळे घाई करू नका. मी आयुष्यात विकत घेतलेला पहिला गेम म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली. तो असंच क्रेडिट साठवून घेतला होता, खिशातून एक रुपया न देता.

३. गुगल प्ले पास. भारतात २०२२ मध्ये आला तेव्हा महिन्याला ९९ आणि वर्षाला ८८९ रुपये असा दर होता. यात बरेच गेम जाहिराती आणि आतल्या खरेदीशिवाय खेळता येतात. सध्याचा दर आणि गेमची यादी घेण्याआधी ॲपमध्येच पाहा, कारण दोन्ही बदलू शकतात. कुटुंबातल्या आणखी पाच जणांना एकाच वर्गणीत जोडता येतं.

४. सेलची वाट पाहणं. पीसीवर स्टीमचे उन्हाळी आणि हिवाळी सेल मोठे असतात. हवा तो गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, किंमत कमी झाली की ईमेल येतो. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून किमती रुपयांत आहेत आणि यूपीआयनेही पैसे देता येतात.

५. एपिक गेम्स स्टोअर. इथे पीसीसाठी वेळोवेळी ठरावीक मुदतीत गेम फुकट देतात. त्या मुदतीत एकदा घेतला की तो तुमच्या खात्यात राहतो.

६. वाटून घेणं. प्ले स्टोअरच्या फॅमिली लायब्ररीत एकाने घेतलेले बरेचसे गेम घरातल्या इतरांनाही वापरता येतात.

## स्टेप बाय स्टेप: आधी मोबाइल साफ करा

१. सेटिंगमध्ये जाऊन ॲपची पूर्ण यादी पाहा. प्ले स्टोअरबाहेरून टाकलेला प्रत्येक गेम अनइन्स्टॉल करा.
२. एखादं ॲप अनइन्स्टॉल होत नसेल तर सेटिंगमध्ये "डिव्हाइस ॲडमिन" शोधा, तिथून त्याचा अधिकार काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.
३. ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन कोणती ॲप चालू आहेत ते बघा. ओळखीचं नसेल ते बंद करा.
४. "इन्स्टॉल अननोन ॲप्स" मध्ये ब्राउझर, टेलिग्राम, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर या सगळ्यांची परवानगी बंद करा.
५. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून "प्ले प्रोटेक्ट" उघडा आणि स्कॅन करा.
६. त्यानंतर दुसऱ्या सुरक्षित मोबाइलवरून गुगल खात्याचा पासवर्ड बदला. यूपीआय पिनही बदलून घ्या.
७. शंका तरीही राहिली तर फोटो आणि नंबरचा बॅकअप घेऊन मोबाइल फॅक्टरी रीसेट करा. मामांच्या मोबाइलला आम्ही हेच केलं.

खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

## स्टेप बाय स्टेप: पहिला गेम विकत घ्या

१. वय १८ पेक्षा कमी असेल तर आई-बाबांना सोबत बसवा. त्यांच्या नकळत त्यांचं यूपीआय वापरू नका.
२. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी पडताळणी चालू करा, म्हणजे प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा फिंगरप्रिंट लागेल.
३. गेमच्या पानावर डेव्हलपरचं नाव, रिव्ह्यू आणि "इन-ॲप परचेसेस" लिहिलंय का ते वाचा.
४. किमतीच्या बटणावर टॅप करा. यूपीआय, कार्ड किंवा गिफ्ट कोड, यातला पर्याय निवडा. शक्यतो गिफ्ट कोडच वापरा, म्हणजे जेवढं बजेट तेवढाच खर्च. कोड ओळखीच्या ॲपवरून किंवा दुकानातूनच घ्या. टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत मिळणारे कोड घेऊ नका.
५. गेम आवडला नाही तर ४८ तासांच्या आत गुगलकडे रिफंड मागता येतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो.
६. प्ले पास ट्रायल घेतली असेल तर तारीख लिहून ठेवा. बंद केली नाही तर पुढचे पैसे आपोआप कापले जातात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुना गेम कुठेच विकत मिळत नसेल तर?
ईए क्रिकेट ०७ सारख्या काही गेमची ही खरी अडचण आहे, ते आज कुठल्याच अधिकृत ऑनलाइन दुकानात नाहीत. कायद्यात "जुना आहे" म्हणून सूट नाही. पण आधी शोधून पाहा. प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (२००३) सारखे बरेच जुने गेम जीओजी आणि स्टीमवर आजही मिळतात.

विकत घेतलेला गेम कायमचा माझा होतो का?
नेहमीच नाही. बहुतेक ठिकाणी तुम्ही वापरायचा परवाना घेता. युबिसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ च्या शेवटी बंद केले आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. ही कंपन्यांची चूकच आहे असं माझं मत आहे. म्हणून ऑफलाइन चालणारे गेम आधी निवडा. जीओजीवर इन्स्टॉलर फाइल स्वतःकडे ठेवता येते.

घरचे म्हणतात गेमवर पैसे म्हणजे जुगार. त्यांना काय सांगू?
पैसे लावून पैसे जिंकायचे गेम वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलाय. गेम विकत घेणं म्हणजे पुस्तक विकत घेण्यासारखं आहे, पैसे एकदाच जातात आणि किती ते आधीच माहीत असतं.

मॉडने ऑनलाइन गेम खेळला तर?
खातं कायमचं बंद होऊ शकतं. त्यात घातलेला वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

## शेवटी

रीसेट केल्यावर मामेभावाच्या गेमची सगळी प्रगती गेली, म्हणून तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्याला सुपरटक्सकार्ट आणि अनसिव्ह टाकून दिले. ओपिनियन रिवॉर्ड्सही चालू करून दिलं. आता अधूनमधून फोन करतो आणि क्रेडिट किती झालं ते सांगतो. कोणता गेम घ्यायचा ते अजून ठरलेलं नाही, विशलिस्ट मात्र लांबलचक आहे.

तुम्हीही आज एवढंच करा. घरातल्या ज्या मोबाइलवर बँकेचे मेसेज येतात, तो उघडा आणि वरच्या सात स्टेप पूर्ण करा. गेम नंतर निवडला तरी चालेल.